कोअरच्या पेट्या गावालाही पाहू द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

उन्हाळा लागला की कोरड्या गेलेल्या बोअरच्या बातम्या आपल्या अंकात येतात. कोणी ६०० फूट गेला, कोणी ८००. पण तेवढ्या खोलीत काय काय लागलं, हे ना शेतकऱ्याला सांगता येतं ना गाडीवाल्याला. हवेच्या दाबावर हातोडा आपटतो, खडकाचं पीठ होऊन धुरळ्यात उडतं आणि फुटावर बिल होतं.

गेल्या हिवाळ्यात तेरणेला मिळणाऱ्या आमच्या ओढ्यावर पूल बांधायचा म्हणून कोअर, म्हणजे जमिनीखालच्या खडकाचा अख्खा दांडा, काढायचं हायड्रॉलिक मशीन आलं होतं. माझ्याच बांधाला लागून, पाणीही माझ्याच विहिरीचं, त्यामुळे चार दिवस मी तिथंच बसून होतो. हे मशीन आपटत नाही. नळीच्या टोकाला हिऱ्याचे कण बसवलेलं पोकळ बिट असतं. ते फिरत खडक गोल कापतं आणि मधला दांडा नळीत अख्खा राहतो. ऑपरेटरचा हात कायम तेलाच्या दाबाच्या लिव्हरवर. कातळात दाब वाढवायचा, मऊ लागलं की उतरवायचा. नाहीतर मऊ थर पाण्यासोबत वाहून जातो आणि जे बघायचं होतं तेच नेमकं पेटीत नसतं. दीड मीटर झालं की नळ्या वर. हलक्या हातानं ठोकलं की मनगटाएवढा काळा दांडा बाहेर सरकायचा. तो खोलीच्या क्रमानं लाकडी पेटीत ठेवायचा आणि मध्ये खोली लिहिलेला ठोकळा.

तिसऱ्या दिवशी वर येणारं राखाडी पाणी एकदम विटकरी झालं. ऑपरेटरनं लगेच दाब उतरवला. १२.५ मीटरवर, म्हणजे ४१ फुटांवर, हातभर जाडीचा लाल थर निघाला. नखानं उकरता येईल इतका मऊ. लाव्ह्याचा एक थर थंड होऊन पुढचा येईपर्यंत खालचा कुजतो, त्यातून हे लाल थर होतात म्हणे. त्याखाली मांजऱ्या खडक, पांढऱ्या ठिपक्यांचा.

माझ्या भावाचा बोअर तिथून दीडशे पावलांवर आहे. दोन वर्षांमागं तो आत ढासळला, मोटार अडकली, ती अजून खालीच आहे. कडा ढासळू नयेत म्हणून घालायचा केसिंग पाइप फक्त वरच्या २० फुटांना. ‘खाली सगळा कातळच आहे, उगाच पाइपाला पैसे कशाला घालता,’ असं गाडीवाल्यानंच सांगितलं होतं. हा लाल थर आधी कोणी दाखवला असता तर!

कोअरची किंमत निदान औसा तालुक्याला तरी सांगावी लागू नये. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीला ६१७ मीटर खोल छिद्र घेतलं, तेव्हा काळा खडक ३३८ मीटरपर्यंतच असल्याचं दिसलं. त्याखाली ८ मीटर गाळाचा थर, मग फार जुना ग्रॅनाइटसारखा खडक.

आमच्या ओढ्यावर २० मीटरचंच छिद्र झालं, पेट्या तीन. अहवाल गेला, मशीन गेलं, पेट्या मात्र बांधावर राहिल्या. मी दोनदा पुलाचं काम पाहणाऱ्या कार्यालयात जाऊन आलो. ‘काम झालं, आता ते दगडच,’ असं उत्तर मिळालं. पहिल्या पेटीच्या फळ्या पावसाळ्यापूर्वीच कोणाच्या तरी चुलीत गेल्या. तिच्यातला एक दांडा शेजारच्या घरी मसाला कुटायला आहे. खोली लिहिलेले लाकडी ठोकळे हरवले की ते खरोखरच दगड होतात, एवढं साहेबांचं बरोबर.

पूल, पाझर तलाव, पाण्याची टाकी, ज्या कशासाठी कोअर निघेल त्याच्या नोंदीची एक प्रत आणि पेट्यांचे फोटो ग्रामपंचायतीला द्यावेत. यासाठी वेगळा निधी लागत नाही. खर्च मशीन आणण्यातच झालेला असतो.

उरलेल्या दोन पेट्या, १०.५ ते १८ आणि १८ ते २० मीटरच्या, मी उचलून गोठ्यात पत्र्याखाली ठेवल्या आहेत. ज्यांच्या असतील त्यांनी न्याव्यात, नाहीतर गावाकडे राहू द्याव्यात तसं लेखी कळवावं. बोअर घ्यायला निघालेले चौघेजण आतापर्यंत त्या पाहून गेले आहेत.

आपला,
एक शेतकरी वाचक,
ता. औसा, जि. लातूर