खोली सोडण्याआधी

ती. बाबा आणि ती. आई यांस,
सा. न.

मालकाचा माणूस पुनर्विकासाचं संमतीपत्र घेऊन पुन्हा येऊन गेला, असं दादाकडून कळलं. आणि तुम्ही दोघं म्हणताय की आता जिने चढवत नाहीत, खोलीला कुलूप घालतो आणि डोंबिवलीला येतो. या की, केव्हाही या. पण कुलूप आणि सही, दोन्हींच्या पाठीमागे कायदा उभा आहे. फोनवर बोललेलं विसरायला होतं, म्हणून लिहून पाठवतेय. बाबा, चष्मा लावून सावकाश वाचा.

आधी कुलपाचं. आपली खोली मालकीची नाही, पागडीची आहे, म्हणजे आजोबांनी मालकाला एकरकमी पैसे देऊन घेतलेला भाडेहक्क. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम १६ प्रमाणे भाडेकरूने वाजवी कारणाशिवाय सलग सहा महिने जागा वापरली नाही, तर मालक खोली खाली करून मागू शकतो. दावा धोबीतलावच्या लघुवाद न्यायालयात चालतो आणि तिथे पुरावा काय असतो, तर बेस्टचं वीजबिल. महिन्याला दोन-तीन युनिट दिसले की मालकाचा वकील तेवढ्यावरच उभा राहतो. पाठोपाठ गॅस सिलिंडरच्या नोंदी आणि शेजाऱ्यांची साक्ष. तेव्हा माझ्याकडे राहायला या, पण गिरगावातलं राहणं खरोखर चालू ठेवा: महिन्यातले काही दिवस तिथे, चूल पेटलेली, पंखा फिरलेला. नुसतं दार उघडून केर काढून आल्याने भागत नाही. आजारपणामुळे जास्त दिवस बाहेर राहावं लागलं तर ते वाजवी कारण ठरू शकतं, पण डॉक्टरांचे कागद तारखेसह जपून ठेवावे लागतील. आणि आई, ओळखीच्या मुलाला 'तेवढीच जागती खोली' म्हणून भाड्याने द्यायचं तुझ्या मनात असेल तर ते काढून टाक. मालकाच्या परवानगीशिवाय पोटभाडेकरू ठेवणं हे खोली जाण्याचं वेगळं आणि जास्त पक्कं कारण आहे.

भाडं दर महिन्याला जायलाच हवं. मालक मुद्दाम घेत नसेल तर धनादेश स्पीड पोस्टने पाठवा आणि पोचपावती फाइलला लावा. थकबाकीसाठी दावा लावण्याआधी त्याला ९० दिवसांची नोटीस द्यावी लागते. पुढे समन्स मिळाल्यावरही ९० दिवसांत सगळी बाकी १५ टक्के व्याजासह कोर्टात भरली तर खोली वाचते. पण ती वेळ येऊ कशाला द्यायची?

बाबा, तुमचं नेहमीचं वाक्य आहे की सरकारने भाडेकरूला तारलं. तारलं हे खरंच आहे. मात्र त्याच कायद्याने आपल्या चाळीचे वासे कुजवले, हेही तितकंच खरं. १९४७ च्या कायद्याने मुंबईतली भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठवली. युद्धानंतरच्या टंचाईसाठी केलेला तात्पुरता कायदा, पण त्याची मुदत वाढतच गेली. लाखो भाडेकरू म्हणजे लाखो मतं, तेव्हा त्याला हात कोण लावणार? भाड्यात चुन्याचाही खर्च निघेना, म्हणून मालकाने दुरुस्ती सोडली. मग १९६९ मध्ये सरकारने उपकर बसवून दुरुस्ती मंडळ काढलं. तेव्हा १९,६४२ इमारती उपकरप्राप्त ठरल्या. त्यांतली आपली 'अ' वर्गातली, म्हणजे सप्टेंबर १९४० पूर्वीची. मागच्या गॅलरीला लावलेले टेकू ही त्या मंडळाची कृपा.

१९७३ मध्ये त्या १९४७ च्या कायद्यात बदल झाला. त्या वर्षी १ फेब्रुवारीला लीव्ह अँड लायसन्सवर, म्हणजे ठरावीक मुदतीच्या परवाना-करारावर, राहत असलेल्या लोकांना भाडेकरूंचं संरक्षण मिळालं. ज्यांना मिळालं ते सुखावले आणि बाकीच्या घरमालकांनी धडा घेतला की जागा रिकामी ठेवलेली बरी, माणूस आत घ्यायचा नाही. २०११ च्या जनगणनेत मुंबईत पावणेपाच लाखांच्या आसपास घरं रिकामी सापडली. सगळी काही या भीतीपोटी रिकामी नव्हती, गुंतवणुकीचीही होती, पण भीती मुरलेली होती.

सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९७ मध्ये सांगितलं की गोठवलेलं भाडं आता वाजवी राहिलेलं नाही. त्यानंतर १९९९ चा कायदा आला, ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्यात जुन्या भाडेकरूला दरसाल चार टक्के वाढ. पाचशे रुपये भाड्यावर वीस रुपये! आणि त्याच कायद्याच्या कलम २४ ने लीव्ह अँड लायसन्सवाल्याला कसलंच भाडे संरक्षण ठेवलं नाही. करार संपला की निघायचं, नाही निघालात तर दुप्पट भाडं. म्हणजे कायदा एकच, पण त्याने तुम्हाला हलता येईना असं केलं आणि आमच्या पिढीला टिकता येईना असं. गिरगावातली मुलं डोंबिवली, बदलापूर, विरारला गेली ती काही हवा पालटायला गेली नाहीत. गिरणगावात तर हे उघड्यावर झालं. १९९१ च्या विकास नियंत्रण नियम ५८ प्रमाणे गिरण्यांच्या जमिनीचा तिसरा हिस्सा म्हाडाच्या घरांना मिळायचा होता. २००१ मध्ये नियम बदलून फक्त मोकळी जमीन वाटणीत धरली आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल कायम केला. वाटणीला उरलं ते चतकोर. आता त्याच कामगारांच्या वारसांना शेलू आणि वांगणीची घरं दाखवतात.

केंद्राने २०२१ मध्ये आणलेल्या आदर्श भाडे कायद्याची चाळीत धास्ती आहे असं आई म्हणाली. तो नमुना आहे, राज्याने स्वीकारला तर लागू होईल, आणि तोही नव्या करारांना. तुमची भाडेपावती त्याने जात नाही.

आता संमतीपत्र. आपल्या इमारतीचा पुनर्विकास मुंबईच्या विकास नियंत्रण नियम ३३(७) खाली होईल. त्यासाठी ५१ टक्के भाडेकरूंची संमती लागते. एकदा ती झाली आणि म्हाडाचं ना-हरकत पत्र निघालं की उरलेल्यांना म्हाडा कायद्याच्या कलम ९५-अ खाली बाहेर काढता येतं. त्यामुळे 'आपण सही न करून अडवू' या भ्रमात राहू नका. पण पहिल्या ५१ टक्क्यांत धावायचंही कारण नाही. आपली जोर लावायची वेळ सहीच्या आधीचीच आहे.

नव्या घराचं क्षेत्रफळ आताच्या कार्पेटइतकं, पण किमान २७.८८ चौरस मीटर, म्हणजे ३०० चौरस फूट. आपल्या दोन खोल्या मिळून त्याहून कमी भरतात, म्हणून ३०० धरून चाला. सामाईक गॅलरी आणि संडास मोजत नाहीत. पात्रतेची तारीख १३ जून १९९६ आहे: त्याआधीपासून भाडेकरू होतो हे दाखवावं लागतं. सर्वांत भक्कम कागद म्हणजे महापालिकेच्या करनिर्धारण खात्याचा १९९५-९६ चा इन्स्पेक्शन एक्स्ट्रॅक्ट. खोलीनिहाय भाडेकरूचं नाव आणि भाडं त्यात असतं. तो वॉर्ड ऑफिसातून अर्ज करून मिळतो. बिल्डर काढून देईल म्हणून थांबू नका.

इथेच आपली खरी अडचण आहे. पावती अजून आजोबांच्या नावावर आहे. मालक वर्षानुवर्षं तीच फाडतोय आणि आपणही घेतोय. पात्रता यादी बनेल तेव्हा नाव एक आणि राहणारा दुसरा असं निघेल, आणि नाव बदलायला मालक त्या वेळी तोंडाला येईल तो आकडा सांगेल. कायद्याने भाडेकरू वारल्यावर त्याच्यासोबत राहणारा कुटुंबीय भाडेकरू होतो, म्हणजे बाबा, हक्क तुमचाच आहे. तसं कुणी राहत नसेल तर वारसांनी आपसांत ठरवायचं, नाही जमलं तर कोर्ट ठरवतं. भाडेहक्क मृत्युपत्राने देता येत नाही, हे नीट लक्षात घ्या; कपाटातल्या त्या मृत्युपत्रात खोलीबद्दल जे लिहिलंय ते चालणार नाही. तेव्हा आजोबा-आजीचे मृत्यूदाखले, काका आणि दोन्ही आत्यांची ना-हरकत, तुमचं प्रतिज्ञापत्र, त्या काळातलं रेशनकार्ड आणि मतदार यादीचा उतारा एवढं जमवून मालकाला लेखी अर्ज द्या, पावती तुमच्या आणि आईच्या नावावर करा म्हणून. आत्या आता आनंदाने सही देतील. बिल्डरचा आकडा जाहीर झाल्यावर देतीलच असं नाही.

बिल्डरला विचारायचं ते असं. आयओडी, म्हणजे महापालिकेची नकाशांना प्राथमिक मंजुरी, मिळाल्याशिवाय आणि कायमस्वरूपी पर्यायी जागेचा करार नोंदणी झाल्याशिवाय खोली रिकामी करायची नाही. करारात मजला, घर क्रमांक आणि नकाशा हवा. 'योग्य ते घर' अशी भाषा आली की सही थांबवा. काम चालू असताना बाहेर राहण्यासाठी बिल्डर देणार ते भाडं किती, दरवर्षी किती वाढणार, आणि त्यामागे बँक गॅरंटी आहे का. काम अडलं की पहिल्यांदा बंद होतं ते हे भाडंच, कारण बिल्डर ते विक्रीच्या फ्लॅटच्या आगाऊ रकमेतून देत असतो. आपल्यासारख्या अरुंद गल्लीत मनासारखी उंची मिळाली नाही की विक्रीचे मजले घटतात आणि सगळा हिशेब कोसळतो. एकेकटी चाळ घेतली तर बिल्डरला प्रोत्साहन म्हणून मिळणारा जादा एफएसआय (बांधकामाचं क्षेत्र) ५० टक्के, दोन ते पाच भूखंड एकत्र केले तर ६०. म्हणून शेजारची चाळ सोबत येतेय का हे विचारणं महत्त्वाचं, तिथेच प्रकल्प तगणार की नाही ते कळतं. महारेराचा, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवरच्या राज्य नियामकाचा, आधार मुख्यतः विक्रीच्या घरांना आहे. आपला आधार म्हणजे नोंदलेला करार.

नव्या इमारतीचा देखभाल खर्च कोणी बोलत नाही. नियमाप्रमाणे बिल्डरने दहा वर्षांच्या देखभालीसाठी कॉर्पस, म्हणजे राखीव निधी, ठेवायचा असतो. मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना २०२२ पासून मालमत्ता करही माफ आहे. पण दोन लिफ्ट, पंप, अग्निशमन यंत्रणा यांचं बिल अकराव्या वर्षापासून पेन्शनीतून भरायचं आहे. पुनर्विकास झालेल्या कितीतरी घरांतली म्हातारी माणसं शेवटी इथेच अडून घर विकतात.

खोली आत्ताच काढायची म्हटलं तर हिशेब असा. ६० लाख ठरले असं धरू. मालकाचा वाटा साधारण एक तृतीयांश, २० लाख गेले. १९९९ चा कायदा हे मान्य करतो, पण पावती घ्यायची. उरले ४०. आजोबांनी दिलेली पागडी नगण्य, म्हणून जवळजवळ सगळाच नफा: १२.५ टक्क्यांनी ५ लाख कर, वर त्या करावर ४ टक्के आरोग्य-शिक्षण उपकर. तो वाचवायचा तर रक्कम दोन वर्षांत घरात गुंतवावी लागते, आणि आयकरातली, ज्याला सगळे ५४-एफ म्हणतात ती सवलत लागते, साधी ५४ नाही, कारण भाडेहक्क म्हणजे घर नव्हे. पूर्ण ४० लाख गुंतवले तरच पूर्ण सूट. व्यवहाराआधी सीएला दाखवू.

डोंबिवलीत त्या पैशांत वन बीएचके घ्यायचं झालं तर मुद्रांक शुल्क ७ टक्के, घर फक्त आईच्या नावावर असेल तर ६. बाबा, तुमचं नाव जोडलं की ती सवलत जाते. नोंदणी फी ३० हजार. भोगवटा प्रमाणपत्र मिळालेलंच घर बघायचं, त्यावर जीएसटी नाही. आणि महारेरा क्रमांक दिसला म्हणून भुलायचं नाही: कल्याण-डोंबिवलीत ६५ इमारतींनी महापालिकेच्या बनावट परवानग्या दाखवून तो क्रमांक मिळवला होता आणि उच्च न्यायालयाने त्या पाडायला सांगितल्या. बांधकाम परवानगी महापालिकेच्या नगररचना खात्यात जाऊन ताडून घ्यायची, ते काम माझं.

माझं मत विचाराल तर खोली विकू नका आणि इतक्यात सहीही नको. आधी पावती नावावर, मग करार, आणि मधल्या काळात दोन्ही घरांत ये-जा. फक्त आईचा गुडघा फारच त्रास देऊ लागला तर मग सगळी गणितं बाजूला ठेवू.

मी येईन तेव्हा जुन्या पावत्यांचा तो पत्र्याचा डबा काढून ठेवा, १९९६ च्या आधीच्या वेगळ्या करू. तोवर मालकाचा माणूस आला तर चहा द्या, संमतीपत्राची प्रत मागून घ्या, आणि मुलीला दाखवतो म्हणा.

तुमची,
ताई