जाहिरात निघण्याआधीचा अर्ज

मा. संपादक,

जाहिरात नाही म्हणजे जागा नाही, असे समजून असंख्य उमेदवार थांबून राहतात. प्रत्यक्षात माणूस कमी पडतोय हे विभागप्रमुखाला आधी कळते. मग वरिष्ठांची मंजुरी, पगाराची तरतूद, आतलाच कोणी हलवता येतो का याची चाचपणी, कर्मचाऱ्यांच्या ओळखीत कोणी आहे का ही विचारणा, आणि यातून काही जमले नाही तर जाहिरात. यात कित्येक आठवडे जातात. याच काळात नेमका अर्ज आला तर प्रमुखाची शोधाशोध वाचते, म्हणून तो वाचला जाण्याची शक्यता अधिक.

त्यामुळे पत्र ज्याच्या हाताखाली काम करायचे, त्यालाच लिहावे. नाव संकेतस्थळावर किंवा लिंक्डइनवर सापडते. नाही सापडले तर स्वागतकक्षाला फोन करून ‘खरेदी विभाग कोण पाहते, नाव कसे लिहितात?’ एवढेच विचारावे. छोट्या कंपनीत थेट मालकाला लिहावे. मोठ्या कंपनीत त्यांच्या पोर्टलवरही नोंदणी करावी. ती नसेल तर प्रमुखाला उमेदवार पसंत पडूनही गाडी अनेकदा तिथेच अडते. नवी शाखा, मोठे कंत्राट, नवे उत्पादन अशा बातम्या असलेल्या कंपन्या आधी निवडाव्यात.

ईमेल १२० ते १५० शब्दांचा पुरे. विषयाच्या ओळीत ‘नोकरीसाठी अर्ज’ नको. ‘गुणवत्ता तपासणी, ४ वर्षांचा अनुभव’ असे लिहावे. पहिल्या दोन ओळींत त्या कंपनीचे कोणते काम पाहून लिहीत आहोत ते, मग आपण केलेले त्याच्याशी जुळणारे एक काम, आकड्यासकट. शेवटी नोकरी न मागता १५ मिनिटे बोलण्याची वेळ मागावी. जागा मंजूर नसताना प्रमुख नोकरी देऊ शकत नाही, बोलू मात्र शकतो. बायोडेटा एक-दोन पानांचा, पीडीएफमध्ये, आणि फाइलला स्वतःचे नाव व कामाचे क्षेत्र. नुसते ‘बायोडेटा’ नाव दिलेली फाइल नंतर शोधूनही सापडत नाही.

सर्वाधिक नुकसान होते ते एकच मजकूर चाळीस पत्त्यांना एकदम पाठवल्याने. सगळ्यांना सगळे पत्ते दिसू शकतात, ईमेल स्पॅममध्ये जाऊ शकतो, शिवाय घाईत मागच्या कंपनीचे नाव तसेच राहते. त्यापेक्षा आठवड्याला पाचच पत्रे जावीत, पण नीट अभ्यास करून.

उत्तर नाही आले तर ७ ते १० कामकाजाच्या दिवसांनी त्याच ईमेलखाली तीन ओळी लिहाव्यात. आणखी एकदा आठवण द्यावी आणि थांबावे. लेखा विभागाला महिनाअखेरीस लिहू नये. त्या गर्दीत पत्र बुडते. कोणाला, कधी लिहिले आणि काय उत्तर आले याचा तक्ता ठेवावा, नाहीतर एकाच माणसाला दोनदा पत्र जाते.

‘सध्या जागा नाही’ या उत्तरालाही आभाराचे पत्र पाठवून, आणखी कोणाशी बोलावे हे विचारावे. नोकरीच्या माहितीसाठी क्वचित भेटणाऱ्या ओळखी फार उपयोगी पडतात, हे समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ साली मांडले. जवळच्यांना बहुधा आपल्याला ठाऊक असलेल्याच जागा ठाऊक असतात. दूरच्या ओळखीचा माणूस वेगळ्या वर्तुळातला असतो.

आणि कंपन्यांनाही कळकळीची विनंती: असे नीट लिहिलेले पत्र आले तर, नकार असला तरी, दोन ओळींचे उत्तर जरूर द्यावे.

– मनुष्यबळ विभागात काम करणारा एक वाचक