ती भागत नाही, वजा करते

परळ, मुंबई
23 नोव्हेंबर 2025

प्रिय शालू,

गणपतीत आलेल्या तुझ्या पत्राला अजून उत्तर नाही, रागावली असशील. तब्येत ठीक आहे. गुडघा तसाच, गोळ्या चालू. आज लिहायला बसले कारण शिकवणीत एक गोष्ट सापडलीय. दुसऱ्या कुणाला सांगितली की "मग पोर्शन कधी संपवणार?" एवढंच ऐकायला मिळतं.

लालबागची ती दहावीतली मुलगी, सगळे विषय माझ्याकडेच. सहामाहीत मराठीत 80 पैकी 66 आणि भूमितीत 40 पैकी 11. वह्यांवर शेरे वेगवेगळे. भूमितीत 'प्रमेये पाठ करा', विज्ञानात 'सूत्र लिहा', भूगोलात 'प्रश्न नीट वाचा'. मंगळवारी तिन्ही वह्या एकदमच पुढ्यात उघड्या होत्या. समरूप त्रिकोण, एकाच्या बाजू 4 आणि 6, दुसऱ्याची लहान बाजू 6, तर मोठी किती? तिने लिहिलं 8. भिंगाच्या गणितात वस्तू 2 सेमी, प्रतिमा 6 सेमी, विशालन, म्हणजे प्रतिमा वस्तूच्या किती पट, लिहिलंय 4. ब्राझील भारताच्या सुमारे किती पट? "52 लाख चौरस किलोमीटर!" अगं, 85 मधून 33 वजा केले पोरीने. 'किती पट' विचारलं की तिला 'कितीने जास्त' एवढंच ऐकू येतं. आजार एकच, शेरे मात्र तीन.

मग वर्षं मोजली. 2020-21 ला ती पाचवीत, पुढच्या वर्षी सहावीत. अपूर्णांक आणि गुणोत्तर-प्रमाण नेमके त्या दोन वर्षांतले. शाळा बंद, घरात मोबाइल एक, त्यावर मोठ्या भावाचा हक्क आधी. पास सगळेच झाले. पुढच्या इयत्तांनी हे येतंय असं धरलं आणि त्यावर मजले चढवले.

आता आपलं जुनं भांडण. दादरच्या पुलावर लोकल सोडून सोडून तू मला सुनावलं होतंस, की एका बाईने सगळे विषय शिकवणं म्हणजे सगळ्यांचीच खिचडी, ज्याचा विषय त्याने शिकवावा. मी तेव्हाही मानलं नाही, आता तर मुळीच मानणार नाही. क्लासमध्ये प्रत्येक विषयाला वेगळे सर असते, तर हे कुणाच्या लक्षात आलं असतं? हरलीस तू, ठाण्याच्या मामलेदारची मिसळ तुझ्याकडे लागू, तिखट मी म्हणेन तेवढं!

पण खरी चिंता पुढेच आहे. फेब्रुवारीत बोर्ड, त्याआधी प्रिलिम. तिची आई मसाल्याच्या दुकानात कामाला, रात्री दमून येते आणि हात जोडून म्हणते, "बाई, गाइड पाठ करून घ्या, 35 च्या वर गेली की सुटलो." घोकून घेतलं तर सुटेलही. पण मुलीला नर्स व्हायचंय गं. इतक्या मिलीला इतके मिलिग्रॅम, तर इतक्या मिलिग्रॅमला किती मिली, हा रोजचा हिशोब, आणि समोर माणूस झोपलेला. तिथे ही वजाबाकी करायला लागली तर? माझी झोप त्याने उडालीय. पोर्शन मागे पडला तरी डिसेंबरभर मी 'पट'च शिकवणार आहे, भूमितीतून, लोकसंख्येच्या घनतेतून, जीएसटीतून.

शुक्रवारी सहावीचं पुस्तक काढलं, तर तिने ते मिटून बाजूला सारलं. "मी काय लहान आहे?" डोळ्यांत पाणी. मग मी तिला मसाल्याचं विचारलं. किलो मिरचीला अर्धा किलो धणे, तर पाच किलोला? "अडीच," पापणीही लवली नाही. म्हणजे हे तिच्यात आहे. पण हाच प्रश्न त्रिकोणात घातला की परत बेरीज-वजाबाकी. मिरचीवरून त्रिकोणावर तिला कसं न्यायचं आणि तिचा मान न दुखावता पाचवीपर्यंत मागे कसं न्यायचं, हे मला सुचत नाहीये.

म्हणून तू. रात्रशाळेत तुझ्यापुढे बापाच्या वयाची माणसं बसायची. ते वॉचमनकाका आठवतात? "बाई, अर्धं मला येतं, अर्ध्याचं अर्धं फक्त आमच्या शेठला येतं!" त्यांना अपूर्णांकापासून सुरुवात करायचीय हे तू पहिल्या दिवशी कोणत्या शब्दांत सांगितलंस? एकही माणूस उठून गेला नाही, हे मी स्वतः बघितलंय.

चिपळूणच्या घराचं छप्पर झालं का? सासूबाईंचा मोतीबिंदू? धाकटीला नोकरी लागली हे आक्कांकडून कळलं, फार बरं वाटलं, तिला आशीर्वाद सांग.

आणि त्या घडीच्या कागदी पट्ट्या, अर्धा-पाव-अष्टमांशच्या, ट्रंकेत असतील तर शनिवारी तुझा भाऊ येतोय त्याच्याकडे दे. फोटो काढून पाठवू नकोस, तिच्या हातात द्यायच्यात.

तुझी,
मंदा