मॅडम, तुम्ही हसला नाहीत

नमस्कार मॅडम,
मी तो अमळनेरचा पतसंस्थेतला वसुलीवाला. दिवाळीनंतर धुळ्याला आलो होतो तुमच्याकडे, एसटीच्या धुळीने माखलेला, बगलेत थकबाकीच्या फायली. तुम्ही विचारलं काय त्रास आहे, मी म्हटलं त्रास काही नाही, मला तुमचं सायकॉलॉजिस्टचं काम शिकायचंय. वय 43, बी.कॉम. तरी तुम्ही हसला नाहीत, त्याचं पहिलं थँक यू.

17 वर्षं लोकांच्या ओट्यावर बसून काढली. कापसाचं गणित फसलं की माणूस हप्त्याचं बोलतच नाही, रात्री झोप येत नाही ते सांगतो. "भाऊ, पैसा नहीत, पन बस" म्हणतो आणि तासभर मोकळा होतो. मला वाटलं आपल्याला हे जमतंय तर रीतसर का नको, घरी बसून डिस्टन्सने एमए करू, एक एजंट तर अ‍ॅडव्हान्स मागत होता. तुम्ही सांगितलं की यूजीसीने 2025च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून सायकॉलॉजी डिस्टन्सने आणि ऑनलाइन शिकवायला बंदी केलीय, आणि क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट व्हायचं तर नुसतं एमए पुरत नाही, पुढचं ट्रेनिंग आणि आरसीआयचं, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेचं, रजिस्ट्रेशन लागतं. एजंट हे बोललाच नव्हता. बोलेल कशाला म्हणा!

पण पैसे वाचले म्हणून हे पत्र नाही. तुम्ही विचारलं, समोरचा रडायला लागला की काय करता? मी जरा ऐटीतच म्हटलं, पाणी देतो, समजावतो, होईल सगळं नीट म्हणतो. तुम्ही एवढंच म्हणालात, "म्हणजे थांबवता त्याला." परतीच्या एसटीत अमळनेर येईपर्यंत तेच डोक्यात, कंडक्टरने दोनदा विचारलं तेव्हा तिकीट काढलं.

आता गप्प बसतो मॅडम, लई अवघड आहे ते. मागच्या महिन्यात एक जण जगून काय करू म्हणाला तर समजावत बसलो नाही, सगळं ऐकून घेतलं, तुम्ही लिहून दिलेला 14416, तो मानसिक आधाराचा सरकारी हेल्पलाइन नंबर, तिथंच लावून दिला आणि त्याचा भाऊ शेतातून येईपर्यंत उठलो नाही. वसुली शून्य, साहेबांनी झापलं.

रेग्युलर एमएचं अजून ठरत नाहीये. दोन वर्षं पगाराशिवाय, पोरगी बारावीला, बायको म्हणते करा, आई म्हणते येडा झाला का. तुम्ही करा म्हणाला नाहीत, नका करू असंही नाही, कागदावर खर्च मांडायला लावला तो कागद अजून खिशात आहे.

पुढच्या आठवड्यात धुळ्याला येतोय. भरीत आणि कळण्याची भाकरी आणतो, फायली नाही आणत.