विहिरीवर स्लॅब टाकायच्या आधी आत वाकून तरी बघा

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

पत्र जरा लांबलंय, कापायचं तर कापा, खरं विहिरीचं तेवढं राहू द्या.

गेल्या आठवड्यात बेळगावातल्या आमच्या गल्लीतल्या सार्वजनिक विहिरीच्या कठड्यावर एक कागद चिकटवलेला दिसला. सगळा कन्नडमधून, खाली सही शिक्का. दोन दिवस येणाऱ्या जाणाऱ्या सगळ्यांनी बघितला, वाचला कुणीच नाही. आमच्या पंचांपैकी एकजण म्हणाले की आपण मे महिन्यात गाळ काढायचा अर्ज दिला होता ना, तोच मंजूर झालाय वाटतं. मग काय विचारता, ग्रुपवर टाळ्या सुरू, कुणी गुलाबाची फुलं टाकली, एकानं तर नगरसेवकांचा फोटो टाकून हार्दिक आभार पण मानून टाकले. तिसऱ्या दिवशी माझी नात शाळेतनं येताना थांबून तो कागद वाचायला लागली, आठवीला आहे, मराठी शाळेतच जाते खरं कन्नड आमच्यापेक्षा शंभरपट चांगलं येतंय तिला. घरी येऊन म्हणते, आजोबा त्यात साफ करणार असं कुठंच लिहिलेलं नाही, विहीर वापरात नाही आणि धोकादायक आहे म्हणून वरनं स्लॅब टाकून बंद करणार असं आहे.

झालं, आभाराचा मेसेज डिलीट करायला पण उशीर झाला होता.

यातली खरी गंमत म्हणजे आमच्या समोर राहणाऱ्या आक्कांनी तो कागद पहिल्याच दिवशी वाचला होता. त्या कन्नड बोलणाऱ्या, वीस बावीस वर्षं आमच्या समोर राहायलेत, आमच्या घरची चकली त्यांच्याकडं आणि त्यांच्या घरची कडबू आमच्याकडं असं चालतं. मी विचारलं आक्का तुम्ही सांगितलं का नाही, तर त्या म्हणाल्या तुम्हीच सगळे टाळ्या वाजवत होता, मला वाटलं तुम्हालाच बावी बंद करून पाहिजे, मग मी कशाला मधे बोलू. आता यांना काय बोलायचं सांगा. आम्ही विहीर म्हणतो त्या बावी म्हणतात, घागर दोघांनी एकाच ठिकाणी बुडवलेली आहे.

भाषेचा विषय काढला की पत्राला वेगळाच रंग चढतो म्हणून एवढंच लिहितो. 1956 ला राज्यं भाषेवर झाली, त्याच वर्षी घटनेत 350-ब कलम आलं आणि भाषिक अल्पसंख्याकांसाठी खास अधिकारी नेमायचं ठरलं, ज्या भागात 15 टक्क्यांच्या वर दुसऱ्या भाषेची माणसं राहतात तिथं महत्त्वाच्या नोटिसा त्यांच्या भाषेतनं पण द्याव्यात हे तेव्हापासून चालत आलंय. आम्ही कन्नड काढा म्हणत नाही, खाली चार ओळी मराठीत टाका म्हणतोय. त्या चार ओळी असत्या तर निदान आपल्याच विहिरीच्या मरणाच्या बातमीवर गल्लीनं टाळ्या वाजवल्या नसत्या.

आता विहिरीबद्दल. गल्लीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाव छापून आलं की दुसऱ्या दिवशी एक टँकर येतो, चौघं फोटो काढून घेतात आणि परत पहिल्यासारखं. शहापूर भागातली आहे एवढं समजून घ्या. शहापूर पूर्वी सांगली संस्थानात होतं, बेळगाव इंग्रजांचं आणि शहापूर पटवर्धनांचं, ही विहीर त्या संस्थानच्या वेळची असं माझे वडील सांगायचे. काळ्या दगडाचं बांधकाम आहे, आतनं एक दगड हललेला नाही. लहानपणी तिला रहाट होता, पहाटे पाचला त्याचा कर्र कर्र आवाज सुरू झाला की आमच्या घरी कुणाला उठवायला लागायचं नाही. गौरी आणायला बायका इथंच यायच्या, लग्नघरची गंगा पण इथनंच जायची. नळ आले तसा रहाट गेला, मग दोराच्या खुणा तेवढ्या कठड्याच्या दगडावर राहिल्या, बोट बसेल एवढ्या खोल. त्या खुणा पण आता अर्ध्या दिसतात, कारण रस्ता काँक्रीटचा करताना जुना रस्ता न खणता त्याच्यावरच ओतला, म्हणून छातीएवढा कठडा मांडीएवढा झाला. म्हणजे विहीर धोकादायक झाली कशी ते बघा. विहीर होती तिथंच आहे, रस्ता वर आला.

धोका नाही असं मी म्हणत नाही. दोन वर्षामागं एक शेळी पडली होती, पोरांचे बॉल तर रोजचेच. आणि आमच्या गल्लीचं पाप पण लिहितो, नाहीतर म्हणाल हा फक्त दुसऱ्याकडं बोट दाखवतोय. निर्माल्य आम्हीच टाकलं, गणपती पण आम्हीच सोडले, प्लॅस्टरचे, ते विरघळत नाहीत माहीत असून. एका महाशयांनी तर जुनी गादी टाकली होती, नाव ग्रुपवर सगळ्यांना माहीत आहे. घंटागाडी सकाळी दारात येते, खरं ती आली तेव्हा हे झोपलेले असतात आणि विहीर काय चोवीस तास उघडीच. एवढं करून वर पाण्याला वास येतो म्हणून नाक मुरडणारे पण आम्हीच.

तरी मी तिच्या मागं का लागलोय ते सांगतो. आमच्याकडं नळाला पाणी येतं आठवड्यानं, उन्हाळ्यात कधी कधी दहा दिवस. पाणी सोडणाऱ्या माणसाचा मोबाईल नंबर गल्लीत सगळ्यांना पाठ आहे, स्वतःच्या जावयाचा नसेल. आम्हाला पाणी देणाऱ्या राकसकोप धरणाची पातळी किती फूट झाली हे तुमच्या पेपरात रोज येतं, जून महिन्यात आम्ही क्रिकेटच्या स्कोअरसारखं ते बघतो, डेड स्टॉक म्हणजे तळाचा राखीव साठा लागला का, आज किती वाढलं, 2475 फुटाला भरतं त्याला किती कमी. भरलं, दरवाजे उघडले अशी बातमी आली की जीव खाली पडतो. खरं धरण भरून पण नळाला पाणी आठवड्यानंच. कारण पाणी राकसकोप आणि हिडकल धरणात, आम्ही इथं, मधे पंप, मोटारी, व्हॉल्व्ह, शेवटी आमची जुनी पाईप. तिकडं लाईट गेली की पंपिंग बंद, पाईप फुटली की दुरुस्ती, एक दिवस हुकला की सगळं वेळापत्रक पुढं. बेळगावात काही वॉर्डात चोवीस तास पाण्याचा प्रयोग 2008 सालीच झालाय, तिथं नातेवाईकांकडं गेलो की पहिल्यांदा नळ सोडून बघतो, खोटं नाही सांगत. शहराला एकूण 58 वॉर्ड, आमचा नंबर येईल तेव्हा येईल, तोवर काय करायचं?

मी उद्यमबागेत, म्हणजे इथल्या कारखान्यांच्या भागात, 31 वर्षं लेथवर काम केलेला माणूस, मापं घेतल्याशिवाय बोलत नाही. मे महिन्याच्या शेवटी, म्हणजे वर्षातलं सगळ्यात वाईट पाणी असताना, सुतळीला दगड बांधून आत सोडला. पाणी 10 फूट. व्यास 12 फूट. हिशोब केला तर साधारण 32 हजार लिटर होतं, म्हणजे 5 हजार लिटरचे सहा टँकर आमच्या गल्लीत फुकट उभे आहेत. खाली गाळ किती आहे तो काढल्याशिवाय कळणार नाही, तो निघाला तर झरे मोकळे होतील. आमच्या लहानपणी संध्याकाळी उपसलेली विहीर सकाळपर्यंत परत भरलेली असायची. पावसाळ्यात तर पाणी एवढं वर येतं की वाकून तांब्या बुडवावा. बेळगावला पाऊस काय थोडा पडतो का, वर्षाला 1200-1300 मिलिमीटर, जुलैत बळ्ळारी नाला फुगून शहापूर वडगावच्या शिवारात भात बुडतं, आणि त्याच भागातल्या बायका मार्चपासून बॅरल घेऊन टँकरच्या मागं पळतात.

सरकारी मापानं शहरात माणशी दिवसाला 135 लिटर पाणी पाहिजे. पाच माणसांच्या घराला आठ दिवसाचं धरलं तर 5 हजार 400 लिटर. गल्लीत बहुतेकांची टाकी एक हजाराची, गरिबाकडं दोन बॅरल. ज्याच्याकडं पैसा आहे तो नळाला थेट मोटर लावून ओढून घेतो आणि गल्लीच्या शेवटच्या घराला नुसती हवा येते, सूं सूं करून, हा पण एक वेगळा विषय आहे, त्याच्यावर लिहिलं तर माझंच गल्लीत पाणी बंद होईल. सांगायचं एवढंच की प्यायला नळाचं ठेवा, धुणंभांडी, संडास बाथरूम, गाडी धुवायला विहिरीचं वापरा, म्हणजे तीच टाकी आठवडाभर पुरते. विहिरीचं पाणी प्यायला द्या असं कुणी म्हणत नाही.

आणि मी काही जगावेगळं मागत नाही. टिळकवाडीतली काँग्रेस विहीर सगळ्यांना माहीत आहे. 1924 च्या डिसेंबरात बेळगावला काँग्रेसचं अधिवेशन झालं, गांधीजी आयुष्यात एकदाच अध्यक्ष झाले ते इथंच, तेव्हा एवढ्या लोकांना पाणी कुठनं आणायचं म्हणून ती विहीर खणली, नाव ठेवलं पंपा सरोवर. पुढं नव्वदच्या दशकात पाण्याचे हाल झाले तेव्हा शहरातल्या जुन्या विहिरींचाच गाळ काढला आणि त्यांचं पाणी वापरात आणलं, त्यात ही पण होती. 2024 ला त्या अधिवेशनाची शंभर वर्षं झाली, केवढी रोषणाई झाली, रस्ते झाडले, आम्ही पण पोरांना घेऊन रात्री लाईटिंग बघायला गेलो. चांगलं वाटलं. खरं परत येताना आमच्या अंधाऱ्या विहिरीजवळनं आलो तेव्हा मनात आलं की हिच्यापाशी कुणी गांधीजी आले नाहीत म्हणून हिला स्लॅब.

नोटीस कळल्यावर आम्ही पाचजण ऑफिसात गेलो. कुठल्या ते लिहीत नाही. तिथले साहेब चांगलं बोलले, बसा म्हणाले, पंखा लावला. फाईल बघून म्हणाले की तुमच्याच गल्लीतनं तक्रार आहे. आम्ही म्हटलं आमचा अर्ज गाळ काढायचा आहे. ते म्हणाले हो, त्यात तुम्हीच लिहिलंय की पाणी खराब झालंय, कचरा पडलाय, लहान मुलांना धोका आहे. म्हणजे साफ करा म्हणून जी कारणं आम्ही लिहिली तीच बंद करायची कारणं झाली. बाहेर आल्यावर पंच म्हणायले अर्ज जरा कमी मन लावून लिहायला पाहिजे होता.

स्लॅबला पैसे आहेत, जाळीला नाहीत, असं एकंदर बोलण्यावरनं कळलं. लोखंडी जाळीनं शेळी पण पडत नाही, बॉल पण नाही, गादी तर अजिबात नाही, आणि आत उजेड वारा राहतो. स्लॅब पडला की वर्षभरात त्याच्यावर कुणाचा तरी गाडा लागणार, मग पत्रा, मग शटर, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. शहरात असल्या बुजलेल्या विहिरींवर आज काय काय उभं आहे ते जुन्या माणसांना विचारा. घरपट्टी एप्रिलमध्ये भरली की 5 टक्के सूट मिळते म्हणून आमची गल्ली दरवर्षी उन्हात रांग लावून भरते, त्या पैशातनं एक जाळी होत नाही हे पटत नाही.

म्हणून संबंधित खात्याला तुमच्या पेपरातनं विनंती करतो, स्लॅबचं काम महिनाभर थांबवा, पाण्याचा नमुना एकदा तपासायला न्या आणि रिपोर्ट काय येतो तो कन्नड मराठी दोन्हीत कठड्यावर लावा. पाणी वापरायच्या लायकीचं नाही असं निघालं तर तुम्ही म्हणाल ते करू. चांगलं निघालं तर जाळी द्या, पाण्यातले जंतू मारायची टीसीएल पावडर द्या, कठडा वर घेऊन द्या. मोटर आणि दोन टाक्या गल्ली वर्गणीतनं बसवेल, महिला मंडळानं भिशीतले पैसे द्यायचं कबूल केलंय, लाईट बिल कुणी भरायचं याच्यावर अजून भांडण चालू आहे, ते आमचं आम्ही मिटवू.

तोवर येत्या रविवारी सकाळी सात वाजता आम्ही स्वतः विहीर उपसायला लागणार आहोत. युवक मंडळाची पंधरा वीस पोरं आहेत, समोरच्या आक्कांनी सगळ्यांना उप्पीट करून द्यायचं ठरवलंय. आत उतरायला माहितगार माणूस मिळालाय, तो म्हणाला आधी पाणी काढा, मग जळता दिवा खाली सोडून बघू, विझला तर कुणी उतरायचं नाही. अडचण मोटरची आहे. आमच्याकडं दीड एचपीची आहे, तिनं गाळाचं पाणी ओढत नाही, निदान तीन एचपीचा मड पंप लागेल. तुमच्या वाचकांपैकी कुणाकडं असेल तर एक दिवसासाठी द्यावा, पेपरच्या ऑफिसात निरोप ठेवला तरी चालेल, आम्ही रिक्षा घेऊन येतो आणि संध्याकाळी धुवून परत आणून देतो.

आपला,
एक जुना वाचक,
शहापूर, बेळगाव