सांतो डोमिंगोचे भग्न रुग्णालय

मा. संपादक,

डॉमिनिकन प्रजासत्ताकाच्या राजधानीत, सांतो डोमिंगो येथे, सान निकोलास दे बारी या धर्मादाय रुग्णालयाचे भग्नावशेष आजही उभे आहेत. स्पॅनिश गव्हर्नर निकोलास दे ओवांदो याने १५०३ मध्ये गरीब रुग्णांसाठी स्थापन केलेले आणि पुढे सोळाव्या शतकात क्रूसाच्या आकारात पक्के बांधून काढलेले हे रुग्णालय युरोपीयांनी अमेरिका खंडात उभारलेले पहिले रुग्णालय मानले जाते. ही रचना तत्कालीन इटली व स्पेनमधील रुग्णालयांच्या धर्तीवरची होती.

स्थापनेचे सारे श्रेय ओवांदोला देणे मला मात्र अपुरे वाटते, कारण स्थानिक परंपरेनुसार त्याआधीच एक कृष्णवर्णीय स्त्री आपल्या झोपडीत आजाऱ्यांची शुश्रूषा करीत असे. शिवाय त्याच १५०३ साली याच गव्हर्नरने जारागुआ येथे मूळच्या तैनो लोकांच्या प्रमुखांची कत्तल घडवली होती (त्याच्या दानशूरपणाच्या वर्णनांत हे सहसा गाळले जाते).

विसाव्या शतकाच्या आरंभी धोकादायक ठरलेला काही भाग पाडण्यात आला. अवशेष ज्या जुन्या शहरात आहेत, ते १९९० पासून जागतिक वारसा यादीत आहे. आपल्याकडील पर्यटनलेखांत या अवशेषांविषयी लिहिताना त्या स्त्रीचा आणि तैनो लोकांचाही उल्लेख यावा, एवढीच विनंती.

– एक वाचक, सोलापूर