नवा पिस्टन बसवण्याआधी जुना कशाने गेला ते पाहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वळवाच्या वादळात लिंब-बाभळी आडव्या झाल्या की मराठवाड्यातल्या दुरुस्तीच्या दुकानांत बिगरकंपनीच्या चेनसॉंची, म्हणजे लाकूड कापायच्या इंजिनकरवतींची, रांग लागते. वर ‘५८ सीसी’चं स्टिकर आणि आत पिस्टन चिकटलेला. दुकानदार एक तर ‘नवीन घ्या’ म्हणतो, नाहीतर ब्लॉक (सिलेंडर) आणि पिस्टनचं किट बसवून देतो. पहिला पिस्टन कशाने गेला हे मात्र पाहिलं जात नाही, म्हणून दुसराही त्याच वाटेने जातो. शेतकऱ्याचे पैसे दोनदा बुडतात. ही तपासणी घरी करता येते, म्हणून हे पत्र.

आधी सायलेन्सर काढून पिस्टन पाहावा. ओरखडे फक्त सायलेन्सरच्या बाजूला असतील तर इंजिनाला हवा जास्त आणि पेट्रोल कमी मिळालं. चारही बाजूंनी असतील तर पेट्रोलमध्ये ऑइल पडलंच नव्हतं किंवा फार कमी होतं. कार्बोरेटरच्या बाजूला बारीक, मळकट घासल्याच्या खुणा म्हणजे फिल्टरमधून धूळ गेली. एकच खोल उभी चर दिसली तर सर्क्लिप (पिस्टनची पिन धरून ठेवणारी तारेची कडी) सुटली किंवा रिंगचा तुकडा पडला.

हवा कुठून शिरते हे शोधायला महागडं यंत्र लागत नाही. रक्तदाब मोजायच्या जुन्या उपकरणाचा रबरी फुगा आणि दाब दाखवणारं घड्याळ पुरतं. सायकलच्या ट्यूबचे तुकडे कापून एक सायलेन्सरखाली आणि एक कार्बोरेटरच्या जागी घट्ट आवळावा. जुन्या प्लगचं चिनीमातीचं अंग काढून उरलेल्या पोकळ लोखंडात नळी चिकटवावी व तो ब्लॉकला बसवावा. पिस्टन तळाशी आणून घड्याळाची सुई २५० वर (मिमी पारा) येईपर्यंत हवा भरावी. सुई मिनिटभर जवळपास जागेवर राहिली पाहिजे. उतरू लागली तर साबणाचं पाणी लावावं: क्रँकच्या दोन्ही ऑइल सीलवर, ब्लॉकखालच्या पॅकिंगवर, इनलेटच्या जोडावर. बुडबुडा येईल तिथे दोष. क्रँक हळूहळू फिरवूनही पाहावं, कारण काही सील एका जागी धरतं आणि दुसऱ्या जागी सोडतं. दाबाला टिकलेलं सील ओढीला गळू शकतं, तेव्हा गॅरेजमधला ब्रेकची हवा काढायचा हातपंप मिळाला तर उलट, म्हणजे हवा ओढून, तपासणीही करावी.

क्लच काढताना उलटा आटा लक्षात ठेवावा. तो घड्याळाच्या दिशेने सुटतो. पिस्टन अडवायला प्लगच्या भोकातून नायलॉनची दोरी घालावी, सुतळी नको, तिचे धागे आत राहतात. पिस्टनने सायलेन्सरचं भोक झाकल्यावरच दोरी आत सोडावी, नाहीतर ती त्या भोकात अडकून तुटते.

किट स्टिकर पाहून घेऊ नये. ४३, ४५ आणि ४५.२ मिमीचे पिस्टन दिसायला सारखेच असतात, व्हर्नियरने मोजूनच मागावा. स्वस्त ब्लॉकच्या भोकांच्या कडा धारदार असतात, त्यात रिंग अडकून तुटते. त्या बारीक दगडाने किंचित गोल कराव्यात, पण भिंतीवरचा मुलामा घासू नये. पिस्टनवरचा बाण सायलेन्सरकडे, रिंगची टोकं खाचेतल्या बारीक पिनच्या दोन्ही अंगांना. सर्क्लिप नेहमी नवी घ्यावी आणि तिचं तोंड सरळ वर किंवा सरळ खाली ठेवावं. आडवं ठेवलं तर पिस्टनच्या धक्क्याने ती दबून निसटते. ब्लॉक बसला की सोल्डरची तार प्लगच्या भोकातून पिस्टनपिनच्या रेषेत भिंतीपर्यंत सरकवून क्रँक फिरवावा. चेपलेल्या तारेची जाडी ०.५ मिमीपेक्षा कमी भरली तर पॅकिंग जाड हवं. कॉइल आणि फ्लायव्हीलमध्ये ०.३ मिमी, म्हणजे साधारण एका व्हिजिटिंग कार्डाएवढं अंतर ठेवावं.

ट्यूनिंगमध्ये सगळ्यात मोठी चूक इथेच होते: आवाज टणटणीत यावा म्हणून कार्बोरेटरचा हाय स्क्रू (पूर्ण रेसला किती पेट्रोल जाईल ते ठरवणारा) आवळत नेतात. हाय आणि स्लो हे दोन्ही स्क्रू हलक्या हाताने टेकवून एक-एक फेरा उघडावेत आणि इंजिन गरम करावं. फिल्टर स्वच्छ हवा. स्लो स्क्रूने आयडल (रेस न देता इंजिनाची गती) सर्वांत वर जातं ती जागा शोधून थोडा उघडावा, मग आयडल स्क्रूने चेन फिरायची थांबेल इतकं खाली आणावं. नंतर लाकडाबाहेर क्षणभर पूर्ण रेस द्यावी. आवाज थोडा फाटका, गुरगुरता आला पाहिजे आणि लाकडात बार दाबताच तो साफ झाला पाहिजे. लाकडाबाहेरच सुरेल वाजत असेल तर हाय स्क्रू ताबडतोब उघडावा, ते इंजिन स्वतःला जाळतंय. मेच्या दुपारी बसवलेली ही जागा डिसेंबरच्या पहाटे चालत नाही. थंड हवा दाट असते, तिला पेट्रोल जास्त लागतं.

पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. त्यानेही मिश्रण पातळ होतं (हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं), म्हणून जुनी सेटिंग तशीच ठेवू नये. एका लिटरला चांगलं टू-टी ऑइल २५ मिली, मापानेच. बाटलीच्या झाकणाचा अंदाज नको. काम संपलं की टाकी रिकामी करून इंजिन बंद पडेपर्यंत चालवावं, नाहीतर इथेनॉल पाणी ओढतं आणि कार्बोरेटरचा पडदा कडक होतो. पहिल्या दोन टाक्यांनंतर सायलेन्सरचे बोल्ट पुन्हा आवळावेत, ते हमखास ढिले होतात.

वाळलेल्या बाभळीत चेन लवकर बोथट होते. भुशाऐवजी पीठ पडू लागलं की कानस घ्यावी. ०.३२५ इंच पिचच्या चेनला ४.८ मिमीची गोल कानस, ३० अंशांत, प्रत्येक दाताला सारखे घाव. बोथट चेन दाबून चालवणाऱ्याचं इंजिन तापतं आणि दोष मात्र किटवर येतो.

परभणीच्या कृषी विद्यापीठाने आणि जिल्ह्याजिल्ह्यांतल्या आयटीआयने ही दाबाची तपासणी शिकवणारं दोन दिवसांचं प्रशिक्षण पावसाळ्याआधी घ्यावं, ही विनंती. सुट्या भागांच्या विक्रेत्यांनी किटच्या डब्यावर सीसीबरोबर पिस्टनचा व्यास आणि पिनची जाडी मिलिमीटरमध्ये छापावी, म्हणजे चुकीचा ब्लॉक घेऊन कुणाला तालुक्याला परत खेप मारावी लागणार नाही.

आपला,
एक वाचक, परभणी